शुक्रवारच्या टाइमशीटविषयी भागीदार मंडळास खुले पत्र

मा. भागीदार मंडळ व मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपण सर्व कर्मचाऱ्यांकडून कार्यसंस्कृतीविषयीचे सर्वेक्षण भरून घेतले. कामाच्या ठिकाणी मला सन्मानाने वागवले जाते का, वरिष्ठ माझे ऐकून घेतात का, ही संस्था मी मैत्रिणीला सुचवेन का, अशा प्रश्नांना एक ते पाच गुण द्यायचे होते. आपल्या सल्लागार संस्थेच्या जळगाव कार्यालयातल्या आम्ही १४ जणांनी ते मुदतीत भरले, कारण न भरणाऱ्यांची यादी मॅनेजरकडे जाते हे आम्हाला ठाऊक होते. सर्वेक्षण निनावी होते. निनावी सर्वेक्षण कोणी भरले नाही हे कसे कळते, असे आमच्यापैकी कोणी विचारले नाही, आणि खरे तर संस्थेच्या कार्यसंस्कृतीविषयी तेवढे उत्तर पुरेसे होते. तरीही एक प्रश्न त्या प्रश्नावलीत असायला हवा होता: टाइमशीटवर, म्हणजे आठवड्याच्या कामाच्या नोंदीवर, आपण जे तास लिहिता ते खरे असतात का? त्याचे उत्तर देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खरे नसतात.

टाइमशीट शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजेपर्यंत भरायची असते. या वैशाखातला एक शुक्रवार सांगते. त्या आठवड्यात आम्ही दोघे रावेर आणि यावल तालुक्यांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सभासदांच्या मुलाखती घेत होतो. पारा ४५ च्या आसपास होता. सकाळी ६ वाजता जळगावहून निघायचे, अकराच्या आत केळीच्या बागांतली कामे उरकायची, दुपारी कोणाच्या तरी ओट्यावर किंवा सोसायटीच्या गोदामात बसून आकडे भरायचे, आणि रात्री परतल्यावर पुण्याच्या टीमसाठी स्लाइड तयार करायच्या, असा तो आठवडा गेला. माझे ६३ तास भरले होते, म्हणून मी ६३ लिहिले. हे तास प्रकल्पाच्या कोडवर, म्हणजे त्याच्या तासांच्या खात्यावर, टाकायचे असतात. सात वाजून दहा मिनिटांनी मॅनेजरचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट समजूत काढणाराच होता. "अगं, त्या कोडवर आता एवढे तास उरलेच नाहीत. सिस्टीम लाल दाखवते. ४५ कर, बाकीचे राहू दे." मी ४५ केले. सिस्टीम हिरवी झाली.

ते १८ तास कुठे गेले, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे. तरी हे पत्र इतर सहकारी वाचतील, आणि 'एसीत बसून एवढी काय दमतेस' असे विचारणारी आमच्या घरची माणसेही वाचतील, म्हणून सगळी साखळी मांडते. सरकारी कामाची निविदा निघते तेव्हा तांत्रिक गुणांना आणि दराला ठरलेले वजन असते, कुठे सत्तर-तीस, तर कुठे ऐंशी-वीस. तांत्रिक गुणांत वरच्या दोन-तीन संस्था जवळजवळ बरोबरीत असल्या की निकाल दरावर लागतो. दर म्हणजे माणसे गुणिले महिने. तो महिना किती तासांचा, हे निविदेत कोणी विचारत नाही. सहा जणांचे काम चार जणांत बसवले की दर खाली येतो, आणि ते चार जणांत बसते याला आधार काय, तर मागच्या प्रकल्पाच्या टाइमशीट. त्यांत माझे ४५ असतात. मी खोडलेले १८ तास अशा रीतीने पुढच्या निविदेत संस्थेची 'कार्यक्षमता' म्हणून उभे राहतात, तिच्यावर आणखी थोडी काटछाट होते, काम मिळते, मिळालेल्या कामावर पुन्हा माणसे कमी पडतात, आणि पुन्हा एखाद्या शुक्रवारी कोणाला तरी फोन जातो.

यातली मला सर्वांत लागणारी गोष्ट अशी की नेमका हाच घोळ टाळायला आम्ही शेतकऱ्यांना शिकवतो, आणि त्या शिकवण्याचे बिल लावतो. उत्पादक कंपनीचा व्यवसाय आराखडा करताना पहिल्याच बैठकीत आम्ही सांगतो की खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा. खोडे लावणे, ठिबक पाहणे, पिले कापणे, घडांना पिशव्या घालणे, हे बायको-मुलांनी केले म्हणून फुकट झाले असे नाही. ते धरले नाही तर न परवडणारा भावही परवडल्यासारखा वाटतो आणि माणूस वर्षानुवर्षे तोट्यात केळी लावत राहतो. कृषिमूल्य आयोगसुद्धा उत्पादन खर्च काढताना घरच्यांच्या श्रमाची किंमत वेगळी धरतो. केळीला हमीभाव नाही, पण हिशेबाची रीत तीच. रावेरच्या एका सभागृहात ही स्लाइड दाखवताना मागच्या रांगेतल्या एका तरुणाने मला विचारले होते, "मॅडम, तुमची कंपनी तुमची मजुरी धरते का?" सगळे हसले, मीही हसले, आणि पुढची स्लाइड लावली.

माझे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. अमळनेरकर बाहेरच्यांना विप्रोची गोष्ट सांगतात, की १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून याच गावात सुरू झालेली कंपनी पुढे कुठल्या कुठे गेली, आणि शेअर सांभाळून ठेवणाऱ्यांचे कसे कल्याण झाले. आमच्या घरी शेअर नव्हते, त्यामुळे आम्हाला भोंग्याची गोष्ट सांगितली जाई. पाळी सुरू झाल्याचा भोंगा आणि पाळी सुटल्याचा भोंगा. सुटल्याचा भोंगा झाला की आजोबा मिलचे राहत नसत, घरचे होत. मिलमधले दिवस सुखाचे होते असे मी म्हणत नाही. कापसाच्या तुसाने आयुष्यभर खोकणारा माणूस मी लहानपणी पाहिला आहे. पण आपण किती तास राबलो हे त्या माणसाला ठाऊक होते, मुकादमाला ठाऊक होते आणि हजेरीच्या कार्डावरही तेच होते. इंजिनिअरिंग आणि त्यावर एमबीए करून, त्यांच्या नातीला एवढी सोय राहिलेली नाही.

खोट्या तासांचा परिणाम फक्त आमच्या झोपेवर होतो असे आपल्याला वाटत असेल, तर डाळिंबाची गोष्ट ऐकावी. मागच्या वर्षी एकाच महिन्यात सात आराखडे द्यायचे होते आणि हाताशी आम्ही तिघे होतो. पॅकहाऊस आणि केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरचा एक आराखडा मी रात्री दोनच्या सुमारास संपवला. वेळ वाचवण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या जुन्या आराखड्याचा साचा घेतला होता. कंपनीच्या सभेत अध्यक्षांनी, सत्तरीच्या घरातल्या एका आप्पांनी, चष्मा सरकवून तक्त्यावर बोट ठेवले. "ताई, हे डायिंब कुठून आलं हो आपल्या केयीत?" प्रतवारीच्या तक्त्यात केळीच्या जागी डाळिंब राहून गेले होते, आणि नुसता शब्दच नव्हे, त्याच्यासोबत डाळिंबाची तुटीची टक्केवारीही. त्या टक्केवारीवर पुढच्या पाच वर्षांचा नफा काढलेला होता. आप्पांच्या डोळ्याला ते दिसले म्हणून बरे, नाहीतर त्या आकड्यांवर बँकेत कर्जाची फाइल गेली असती. पुण्याहून मला 'ड्यू डिलिजन्स', म्हणजे काटेकोर पडताळणी, या विषयावरचे तीन तासांचे ऑनलाइन प्रशिक्षण लावण्यात आले. तेही मी रात्रीच पूर्ण केले.

आता ज्या सहकाऱ्यामुळे हे पत्र लिहायचे ठरले, त्याच्याविषयी थोडे. तो धडगावकडचा, पावरा समाजातला, आपल्या जळगाव कार्यालयात पावरी बोलू शकणारा एकमेव माणूस. नंदुरबार जिल्ह्यातल्या महिला गटांच्या आमचूर व्यवसायाच्या कामासाठी आपण जी निविदा भरली, तिच्यात 'स्थानिक भाषा जाणणारा क्षेत्रतज्ज्ञ' म्हणून त्याची माहिती ठळक अक्षरांत होती, आणि तांत्रिक गुणांत तिचा वाटा होता. त्याच्या मुलाखतींना वेळ लागे. सातपुड्यातल्या पाड्यावर गेल्यावर प्रश्नावली काढून बसता येत नाही. आधी कोणाच्या घरचे, कोणत्या पाड्याचे, हे होते, मग कैऱ्या कोण उतरवते, कोण सोलते, ऊन गेले आणि पाऊस आला तर वाळवणाचे काय होते, व्यापारी भाव कधी पाडतो, हे सगळे हळूहळू निघते. आमच्या सगळ्यांच्या कागदांत त्याचे कागद सर्वांत खरे असत. तो एकटाच टाइमशीटही खरी भरत असे. कुणी शिकवले नव्हते म्हणून नव्हे. त्याचे म्हणणे एवढेच होते की झालेले तास खोडायचे कशाला. वर्षअखेरच्या मूल्यमापनात त्याला 'अपेक्षेपेक्षा कमी' ही श्रेणी मिळाली. कारण लिहिले होते, 'प्रति मुलाखत लागणारा वेळ सरासरीपेक्षा जास्त'. ती सरासरी आम्ही बाकीच्यांनी तास खोडून खाली आणलेली होती. हे मला समजत होते आणि मी गप्प बसले, ही माझ्या बाजूची चूक या पत्रात लिहून ठेवते. त्याने राजीनामा दिला, ९० दिवसांचा नोटीस पिरियड पूर्ण केला आणि तो गेला. त्यानंतर चार महिन्यांनी मी एका नव्या निविदेचे कागद जुळवत होते, तेव्हा त्यात त्याचा बायोडेटा अजून होता, त्याच ठळक अक्षरांसह.

रात्रीच्या गाडीचा मुद्दा लहान वाटेल, पण तोही याच मुळातून आलेला आहे. निविदा भरण्याच्या आदल्या रात्री आम्ही तिघी जणी कार्यालयात दीड वाजेपर्यंत होतो. एकीचे वडील स्कूटर घेऊन न्यायला आले. आम्ही दोघी रिक्षाने गेलो आणि १८० रुपयांचे बिल लावले. ते परत आले, कारण टाइमशीटनुसार आमचे काम साडेसहाला संपले होते. लेखा विभागातल्या मुलाला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर जे कागद होते त्यावरून त्याने बरोबरच केले. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्यांकडून काम घ्यायचे तर त्यांची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय हवी. आमची संमती कोणी विचारली नाही, कारण कागदोपत्री आम्ही त्या वेळी तिथे नव्हतोच.

त्याच कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा करण्यास मान्यता दिली, तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लिहिले होते, 'म्हणजे आपले कमी होणार का?' मनुष्यबळ विभागाला हा कायदा दाखवला की उत्तर मिळते, 'तुम्ही कामगार नाही, प्रोफेशनल आहात.' व्याख्येचा वाद वकिलांनी घालावा. मी एवढेच विचारते की कायदा लागू होत नसेल तर तास लपवण्याची गरज कोणाला पडते?

सुट्ट्यांविषयी दोन शब्द, कारण पुण्यात बसून ही गोष्ट लक्षात येणे अवघड आहे. खान्देशात आखाजी म्हणजे नुसती दिनदर्शिकेतली अक्षय्य तृतीया नव्हे. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. दिवाळीला न येणारी लेकही आखाजीला येते. आपल्या सुट्ट्यांच्या यादीत आखाजी नाही, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई देवीच्या विसर्जनाचा सोमवारही नाही. आखाजीला मी रीतसर रजा टाकून अमळनेर तालुक्यातल्या माझ्या माहेरी गेले. अकरा वाजता 'फक्त दहा मिनिटे' म्हणून कॉल लागला, तो माडीवर पत्र्याखाली बसून मी पावणेदोनपर्यंत घेतला. खाली माझ्या बहिणी आणि भावजय पंगत धरून थांबल्या होत्या. आई दोनदा जिना चढून आली. पहिल्यांदा तिने ताकाचा पेला ठेवला. दुसऱ्यांदा दारात उभी राहून अहिराणीत हळूच म्हणाली, "काम सरनं का वं माय?" मी हाताने थांब म्हटले. मायक्रोफोन सुरू होता, पलीकडून कोणीतरी हसून विचारले, "ही कुठली भाषा?" तो दिवस माझ्या खात्यावर रजा म्हणून वजा झाला आहे. वर उल्लेखिलेल्या कायद्यात वर्षाच्या आठ सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार राष्ट्रीय आणि राज्याच्या दिवसांच्या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कर्मचारी यांनी आपसांत ठरवायच्या. जळगावच्या कार्यालयाशी हे ठरवायला आजवर कोणी आलेले नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण व सल्लागार संस्थेतली २६ वर्षांची मुलगी नोकरीला लागल्यावर चार महिन्यांत गेली, आणि सप्टेंबरमध्ये तिच्या आईने त्या संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. ते पत्र मी माझ्या आईला वाचून दाखवले नाही. त्यानंतरच्या आठवड्यात आपण आम्हा सर्वांना 'वेलनेस' सत्राचे निमंत्रण पाठवले. सत्र शनिवारी सकाळी होते, उपस्थिती अनिवार्य होती, आणि तो वेळ बिल न होणाऱ्या कोडवर टाकावा अशी सूचना होती. वक्त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला सांगितले. आमच्यापैकी निम्मे जण कॅमेरा बंद करून सोमवारच्या स्लाइड करत होते.

आपल्याशी वैर असते तर हे पत्र लिहिण्याऐवजी मी दुसरीकडे अर्ज केला असता. या संस्थेत मी सहा वर्षे आहे. ताळेबंद वाचायला, मोठ्या अधिकाऱ्यांसमोर न अडखळता बोलायला आणि चुकीचा आकडा नजरेने पकडायला मी इथेच शिकले. आमच्या गावातून अशा नोकरीत गेलेली मी पहिली मुलगी आहे आणि त्याचे मोल मला कळते. मॅनेजरविषयीही मनात राग नाही. त्याच्या प्रकल्पाचे तास ठरलेल्या आकड्याच्या वर गेले तर त्याचे मूल्यमापन खाली जाते, आणि तो आकडा त्याने ठरवलेला नसतो. शुक्रवारी आम्हाला फोन करण्याआधी त्यालाही एक फोन आलेला असतो, हे तो एकदा चहा पिताना बोलून गेला होता. म्हणूनच हे पत्र त्याला नाही, आपल्याला आहे. तास कमी दाखवण्याचा आदेश आपण कधी लेखी दिलेला नाही आणि देणारही नाही, पण ज्या मोजमापावर आपण सगळ्यांना जोखता, त्यात खरे तास लिहिणारा प्रत्येक जण नापास होतो.

आमचे मागणे पगारवाढीचे नाही. लिहिलेले तास मॅनेजरच्या फोनने बदलता येऊ नयेत. बदलायचेच असतील तर कोणी, केव्हा आणि का बदलले याची नोंद राहावी. प्रकल्पाला तास जास्त लागले तर प्रश्न निविदा भरणाऱ्याला विचारला जावा, गावात जाऊन काम करणाऱ्याला नव्हे. पुढच्या निविदेतली माणसे खऱ्या तासांवरून मोजावीत, आणि तसे करून एखादे काम हातचे गेले तर जाऊ द्यावे. आज तेच काम आमच्या १८ तासांच्या जिवावर येते. सोडून गेलेल्या माणसाचा बायोडेटा काढून टाकावा, आणि त्या सहकाऱ्याच्या मूल्यमापनातला तो शेरा दुरुस्त करून त्याला तसे लेखी कळवावे. त्याला त्याचा आता उपयोग नसेलही. आखाजीचे पुढच्या वर्षाची यादी लागण्याआधी बोलू.

या पत्राखाली नाव नाही, कारण ते एकटीचे नाही. चौदापैकी आम्ही ११ जणांनी ते वाचून मान्य केले आहे. उरलेल्या तिघांपैकी दोघे अजून प्रोबेशनवर आहेत आणि एकाच्या डोक्यावर घराचे नवे कर्ज आहे. त्यांना कोणी काही विचारू नये ही विनंती. येत्या शुक्रवारी सात वाजेपर्यंत आपल्याकडे जळगावहून ११ टाइमशीट येतील, आणि त्यांत आठवडाभरात झाले तेवढेच तास असतील. माझ्या टाइमशीटवर आजपर्यंत, म्हणजे बुधवार रात्रीपर्यंत, ३७ झाले आहेत. हे पत्र लिहायला लागलेला वेळ त्यात धरलेला नाही.

आपली विश्वासू,
जळगाव कार्यालयातील ११ कर्मचाऱ्यांच्या वतीने, त्यांच्यापैकी एक